बोरॉनचा रेणू ‘लॉक’ होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शेतीच्या पानावर मागच्या आठवड्यात बोरॉनच्या फवारणीवर अर्धं पान मजकूर आला होता. त्यात लेख किती आणि जाहिरात किती हे मी विचारत नाही. मोर्शी तालुक्यात माझं कृषी केंद्र आहे, बोरॉन विकूनच माझीही चूल पेटते. पण त्या मजकुरात एक विधान ठळक अक्षरांत होतं: अमाईनशी, म्हणजे अमोनियाच्या घराण्यातल्या नायट्रोजनवाल्या संयुगाशी, जोडलेल्या बोरॉनचा रेणू पक्का ‘लॉक’ झालेला असतो, आणि त्याच जखडलेल्या अवस्थेत तो पानातून आत शिरून थेट फुलापर्यंत जातो. सोबत रंगीत गोळ्यांचं चित्र होतं, गोळ्यांमध्ये जाड काळ्या रेघा.

पेपर गावात आला त्याच दिवशी कात्रणं घेऊन लोक काउंटरवर. “भाऊ, हे लॉकवालं बोरान द्या. साधं नोको मले, साध्यानं काही होऊन नाही राह्यलं.” ज्यांच्या संत्र्याची फळं गळत होती त्यांना मी आधी ओलिताचं विचारलं, बुरशीचं विचारलं, रात्री फळातला रस शोषणारे पतंग दिसतात का ते विचारलं. आंबिया बहाराची गळ एकट्या बोरॉनने होत असती तर आमच्या तालुक्यातले निम्मे बागायतदार केव्हाच सुखी झाले असते. पण कात्रणावर माणसाचा जो विश्वास बसतो तो काउंटरमागच्या माणसावर बसत नाही. म्हणून हे पत्र. लांबलं तर कापा, पण ग्लिसरीनचा प्रयोग तेवढा राहू द्या.

मला यातलं काय कळतं, असं कोणी विचारेल म्हणून सांगून टाकतो. अमरावती विद्यापीठातून मी सेंद्रिय रसायनशास्त्रात एम. एस्सी. केलं. एका संस्थेत लेक्चररची जागा निघाली होती, तिथल्या चालकांनी जो आकडा सांगितला तेवढ्यात आमचं अडीच एकर गेलं असतं. वडील म्हणाले, वावर राहू दे. दुकान टाकलं. पुस्तकं मात्र रद्दीत दिली नाहीत, ती युरियाच्या पावतीबुकांशेजारीच असतात. पुतणी सध्या तालुक्याच्या कॉलेजात बी. एस्सी. करते आणि तिला ‘रोटेशनल आयसोमेरिझम’ नावाचा धडा आहे, मराठीत घूर्णन समघटकता. पुतणीचा धडा आणि कात्रणातलं लॉक हे एकाच गोष्टीबद्दल आहेत, रेणूतला बंध फिरतो की जखडतो, आणि त्यातला बोरॉन आमच्या रॅकवर पुड्यांत पडलेला आहे.

रॅकवर काय असतं तर बोरॅक्स, म्हणजे आपला टाकणखार, त्यात बोरॉन साडेदहा टक्के. बोरिक आम्ल, त्यात सतरा टक्क्यांच्या वर. आणि फवारणीचं पांढरं वीस टक्केवालं, डायसोडियम ऑक्टाबोरेट. पोरांना बोरिक आम्ल कॅरमच्या पावडरमुळे माहीत असतं. बोरॉन पिकाला लागतंच हे १९२३ मध्ये कॅथरीन वॉरिंग्टन या बाईंनी इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड इथे घेवड्याच्या जातीतल्या एका पिकावर दाखवलं. त्याआधी ते फारसं कोणाच्या हिशेबात नव्हतं.

आता बोरॉनचा स्वभाव. त्याच्याकडे बंध करायला तीनच इलेक्ट्रॉन. तीन शेजारी धरले की ते तिघं एका पातळीत, एकमेकांपासून १२० अंशांवर बसतात, आणि त्या पातळीच्या वर-खाली एक कक्षा रिकामी राहते. कार्बनला अशी रिकामी जागा नसते. नायट्रोजनकडे उलट एक जास्तीची जोडी असते, कोणाला दिलेली नाही अशी. त्यामुळे अमोनिया बोरॉनजवळ आला की आपली जोडी त्या रिकाम्या जागेत घालतो. तिघांचा बोरॉन चौघांचा होतो, सपाट होता तो चतुष्फलकाच्या, म्हणजे टेट्राहेड्रल आकारात येतो. अशा जोडणीला ॲडिशन कॉम्प्लेक्स म्हणतात. हे काही कालपरवाचं ‘टेक्नॉलॉजी’ नाही. गे-ल्युसॅकने १८०९ मध्ये बोरॉन ट्रायफ्लोराइड आणि अमोनिया एकत्र करून असं संयुग बनवलं होतं, म्हणजे शेवटचा पेशवा गादीवर असताना.

कार्बन थेट बोरॉनला जोडलेली संयुगं एडवर्ड फ्रँकलंडने १८६० च्या आसपास केली. त्यातलं ट्रायमिथिलबोरेन हवा लागताच पेट घेतं. त्याला अमोनिया द्या, पांढरा घट्ट पदार्थ होतो, आणि तो हवेत आपणहून पेटत नाही. बोरॉनची जागा भरली की त्याची भूक भागते, इतकं सरळ.

पण भागलेली भूक पुन्हा लागते. इथेच कात्रणातलं विधान घसरतं. बोरॉनच्या जोडणीत काही घट्ट असतात, काही इतक्या सैल की पाणी बघितल्याबरोबर सुटतात, आणि बऱ्याचशा ऊन लागलं की सुटून थंडीत पुन्हा लागतात. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर प्रयोगशाळा लागत नाही. मी दुकानात करून दाखवतो.

काचेच्या पेल्यात अर्धा पेला गाळलेलं पाणी, त्यात चिमूटभर टाकणखार विरघळवायचा. फिनॉल्फथॅलीनचे दोन थेंब टाकायचे, ते कोणत्याही हायस्कुलाच्या प्रयोगशाळेत मिळतं. पाणी झकास गुलाबी होतं, कारण टाकणखाराचं द्रावण अल्कधर्मी, सामू (पीएच) नऊच्या थोडा वर. आता मेडिकलमधून आणलेलं ग्लिसरीन चमचा-चमचा घालत ढवळायचं. गुलाबी रंग फिकट होतो आणि जातो. बघणारा म्हणतो, विरजलं वाटते. मग तोच पेला गरम पाण्याच्या भांड्यात ठेवायचा. द्रावण तापलं की रंग परत येतो. थंड केलं की परत जातो. ग्लिसरीन ओळखण्याची ही जुनी चाचणी आहे, पण मला ती बोरॉनचं वागणं दाखवायला जास्त उपयोगी वाटते. ग्लिसरीनने बोरॉनला धरलं तेव्हा द्रावण आम्लाकडे झुकलं आणि रंग गेला. तापवल्यावर सोडलं, रंग आला. मागे कंपनीचा प्रतिनिधी दुकानात बसला होता तेव्हाही हा पेला मी त्याच्यासमोर तापवला. तो भला माणूस, म्हणाला, “साहेब, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगत नाहीत.”

आता पुतणीचा धडा. ग्लिसरीनच्या रेणूत तीन कार्बन, प्रत्येकावर एकेक हायड्रॉक्सिल, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी. बोरॉनला धरायचं तर शेजारचे दोन हायड्रॉक्सिल एकाच बाजूला यायला हवेत. ते एकमेकांच्या अगदी विरुद्ध दिशेला असतील, तर एकाच बोरॉनवर दोघांचे हात पोचणार कसे? पण दोन कार्बनांमधला एकेरी बंध आपल्या आसाभोवती फिरतो. फिरता फिरता दोन हायड्रॉक्सिल कधी लांब, कधी साठ अंशांवर जवळ. रेणू तोच, अणू तेच, कोण कोणाला जोडलंय तेही तेच, फक्त गिरकीचा कोन वेगळा. ही झाली रोटेशनल आयसोमर्स. साध्या तापमानाला असा बंध सेकंदात अब्जावधी वेळा पालटतो. त्यामुळे बोरॉनला वाट बघावी लागत नाही, जवळ आलेली जोडी त्याला लगेच सापडते.

आणि फिरणंच बंद केलं तर? डेल्फ्टच्या बोएसेकेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेमकं हेच तपासलं. पाच कार्बनांच्या कड्यावर शेजारी दोन हायड्रॉक्सिल असलेलं संयुग घ्या. कड्यामुळे बंधाला गिरकी घेता येत नाही. दोन्ही हायड्रॉक्सिल कड्याच्या एकाच अंगाला असतील तर बोरिक आम्लाच्या द्रावणाची विद्युतवाहकता वाढते, म्हणजे बोरॉन धरलं गेलं. एक वर, एक खाली असेल तर वाहकता जागची हलत नाही. बोरिक आम्लासारख्या साध्या चिजेने त्यांनी साखरांची रचना ओळखायची रीत बसवली. यात महागडं यंत्र कुठेच नाही.

झाडात हेच चालतं. पेशीभित्तिकेत पेक्टिनची एक शाखा असते, तिच्यात एपिओज नावाची छोटी साखर. एपिओजच्या कड्यावर दोन हायड्रॉक्सिल एकाच अंगाला, कायमचे. एक बोरॉन अशा दोन साखळ्यांतल्या एपिओजना धरून ठेवतो आणि भिंत शिवली जाते. हे १९९६ मध्ये सिद्ध झालं. बोरॉन कमी पडलं की जिथे वाढ झपाट्याने चालू असते तिथे आधी दिसतं: शेंडा, कळी, परागनलिका, कोवळं फळ. संत्र्यात सालीच्या पांढऱ्या भागात डिंक साचतो, फळ टणक होतं. माझ्याकडे कोणी टणक फळ घेऊन आलं की मी ते चाकूने कापून साल बघतो. डिंक दिसला तरच बोरॉनचं बोलायचं.

कॉलेजात हा धडा कसा शिकवतात ते पुतणीच्या वहीत बघितलं. दोन वर्तुळं, सहा रेघा, खाली ‘स्टॅगर्ड’ आणि ‘एक्लिप्स्ड’. रेणूंचे मॉडेल संच कपाटात आहेत, कपाटाला कुलूप आहे, किल्ली ज्यांच्याकडे आहे त्यांची बदली झाली आहे. पुतणीने विचारलं, “काका, नुसतं फिरल्याने वेगळा पदार्थ कसा होईल? आणि होतच नसेल तर त्याला नाव कायले द्यायचं?” प्रश्न चोख आहे. उत्तर असं की फिरायला किती जोर लागतो यावर सगळं आहे. इथेनमध्ये, म्हणजे दोन कार्बन आणि प्रत्येकावर तीन हायड्रोजन असलेल्या वायूत, एका मोलमागे (मोल हे रेणू मोजायचं माप) सुमारे २.९ किलोकॅलरीचा अडथळा आहे. १९३६ पर्यंत तो नाहीच, बंध फुकट फिरतो, असंच धरलं जाई. केम्प आणि पिट्झर यांनी इथेनच्या उष्णतेचे आकडे जुळवले तेव्हा तो सापडला. इतका छोटा अडथळा साध्या तापमानाला काहीच नाही, म्हणून इथेनचे प्रकार बाटल्यांत वेगळे भरता येत नाहीत. पण वेगळे भरता आले नाहीत तरी ओळखता येतात. मिझुशिमा यांनी टोकियोत डायक्लोरोइथेनवर (इथेनच्या दोन्ही कार्बनांवर एकेक क्लोरिन) काम केलं ते आपल्या रामन यांच्या परिणामाच्या आधारे. द्रवात वर्णपटाच्या रेषा जास्त दिसतात, गोठवल्यावर काही नाहीशा होतात, कारण घनात क्लोरिन एकमेकांविरुद्ध असलेला एकच प्रकार उरतो. दरवर्षी २८ फेब्रुवारीला आमच्याकडच्या शाळांत रामन यांच्या फोटोला हार घालतात, त्या दिवशी हे एक वाक्य सांगितलं तरी हाराचं सार्थक होईल.

पुतणीला मी बोरॉन दाखवला तो ठिबकच्या सामानातून. सोळा एमएमची ‘टी’, म्हणजे तीन तोंडांचा जोड, घेतली. तिचे हात एका पातळीत असतात, १२० अंशांचे नसले तरी काम भागतं. दोन हात फ्लोरिन, तिसऱ्या हातात नळीचा तुकडा, नळीच्या दुसऱ्या टोकाला एंड कॅप, आणि कॅपला सारख्या अंतरावर ठोकलेले तीन खिळे. कॅप म्हणजे कार्बन, खिळे त्याचे तीन हायड्रोजन, या गटाला मिथिल म्हणतात. “आता नळी फिरव,” म्हटलं. एक खिळा एका हातासमोर येतो तेव्हा दुसऱ्या हातासमोर खिळा नसतो. तो पुढे सरकला की दुसरा कोणीतरी समोर येतो. तिन्ही एकदम आडवे येतील अशी जागाच सापडत नाही. एका फेऱ्यात तीच स्थिती सहा वेळा येते. खरोखरच्या मिथिल-डायफ्लुओरोबोरेनमध्ये हा अडथळा नेलर आणि विल्सन यांनी १९५७ मध्ये सूक्ष्मलहरींच्या वर्णपटावरून मोजला: एका मोलमागे १४ कॅलरीच्या आत. किलोकॅलरी नव्हे, कॅलरी. इथेनच्या दोनशेव्या भागाइतका. इतकं मोकळं फिरणारं मिथिल फार थोड्या रेणूंत आहे.

मग मी ‘टी’ काढली आणि तीन फांद्या बाहेर निघालेला लाकडी ठोकळा लावला. रिकाम्या जागेत अमोनिया बसला, बोरॉनला मिथिलखेरीज आणखी तीन शेजारी झाले. आता तीन खिळे आणि तीन हात. एक आडवा आला की तिन्ही आडवे येतात, एक सुटला की तिन्ही सुटतात. अडथळा एकदम इथेनच्या जातीचा झाला. खुद्द बोरेन (तीन हायड्रोजन धरलेला बोरॉन) आणि अमोनियाच्या जोडणीत, म्हणजे बोरॉन-नायट्रोजन बंधाभोवती, तो सुमारे २ किलोकॅलरी मोजलेला आहे. म्हणजे जोडणीने बंधाला कुलूप लागत नाही, फिरणं थोडं जड होतं. दोन किलोकॅलरीला कुलूप म्हणणाऱ्याने आमच्या तालुक्यातलं कपाट बघावं.

दुसरीकडे नेमकं उलटं होतं, आणि मला स्वतःला हा भाग सगळ्यांत आवडतो. अमिनोबोरेन नावाच्या संयुगांत नायट्रोजन बाहेरून येत नाही, तो बोरॉनचा सख्खा शेजारीच असतो आणि आपली जास्तीची जोडी शेजारच्या रिकाम्या जागेत अर्धवट सरकवून ठेवतो. बंध जवळजवळ दुहेरी होतो. फिरवायचा तर ती सरकवलेली जोडी मोडावी लागते, त्याला पुष्कळ संयुगांत १५ ते २० किलोकॅलरी किंवा त्याहून अधिक लागतात. इथे रोटेशनल आयसोमर्स इतके टिकाऊ की चुंबकीय अनुस्पंदनाच्या वर्णपटात, ज्याला सगळे एन. एम. आर. म्हणतात, नायट्रोजनवरच्या दोन मिथिलांच्या दोन वेगळ्या रेषा दिसतात. नमुना तापवत न्या, रेषा जवळ येतात, रुंद होतात, शेवटी एक होतात. किती अंशांवर एक झाल्या त्यावरून अडथळा काढतात. आता या बोरॉनला बाहेरून दुसरा कोणी जोडी देणारा आणून बसवा. जागा भरली. शेजारच्या नायट्रोजनला आपली जोडी परत घ्यावी लागते, दुहेरीपण गेलं, आणि जो बंध ताठ होता तो फिरायला लागला. जोडणी तीच, बोरॉन तोच. एकीकडे मोकळं फिरणारं जड झालं, दुसरीकडे जखडलेलं मोकळं झालं. ‘कॉम्प्लेक्स म्हणजे लॉक’ असं सरसकट लिहिणाऱ्याला हे माहीत असतं तर त्याने पेन खाली ठेवलं असतं. काही अमिनोबोरेनं बाहेरच्याची वाटही बघत नाहीत, दोघं दोघं एकमेकांना जोडी देऊन चौकोनी कडं करतात.

गिरकीचा आणि जोडणीच्या घट्टपणाचा संबंध ज्यांनी उलगडला त्यात एच. सी. ब्राऊन यांचं नाव मोठं. गरिबीतले, शिकागोत वाढलेले. पदवी मिळाल्यावर मैत्रिणीने, पुढे तीच त्यांची पत्नी, बोरॉनच्या हायड्राइडांवरचं पुस्तक भेट दिलं, कारण दुकानात रसायनशास्त्राचं सर्वांत स्वस्त पुस्तक ते होतं. त्यावरून बोरॉनचा नाद लागला आणि १९७९ चं नोबेल मिळालं. त्यांनी ट्रायमिथिलबोरेनला दोन अमाईनं देऊन बघितली. एक ट्रायइथिलअमाईन: नायट्रोजनवर तीन इथिल शेपट्या, तिन्ही आपापल्या बंधाभोवती फिरणाऱ्या. दुसरं क्विन्यूक्लिडीन: तेवढाच पसारा, पण तिन्ही शेपट्या मागे एका कार्बनला जुळलेल्या. नायट्रोजनची जोडी दोघांत जवळपास तशीच. तरी ट्रायइथिलअमाईनची जोडणी सुटायला १० किलोकॅलरीच्या आसपास, क्विन्यूक्लिडीनची २० च्या आसपास. कारण फक्त गिरकी. निंदणाला निघालेल्या बाया पदर खोचतात, नाहीतर तो हाताआड येतो आणि विळा चालत नाही; क्विन्यूक्लिडीनचा पदर मुळातच मागे खोचलेला आहे. ट्रायइथिलअमाईनच्या शेपट्या कशाही फिरवा, एखादी तरी पुढे येऊन बोरॉनच्या वाटेत उभी राहते.

आता पंपातलं पाणी. अमाईनशी जोडलेलं म्हणून जे द्रवरूप बोरॉन विकतात त्यातला बोरॉन बोरिक आम्लाच्या घराण्यातला, तिन्ही बाजूंनी ऑक्सिजन असलेला. हे ऑक्सिजन आपल्या जोड्या बोरॉनच्या रिकाम्या जागेकडे थोड्या झुकवूनच असतात, त्यामुळे बाहेरच्या अमाईनची गरज त्याला फारशी भासत नाही. ट्रायइथेनॉलअमाईनसारखं, ज्याचे तीन हात बोरॉनला बाहेरून धरतात आणि नायट्रोजन आतून, असं पिंजऱ्याचं संयुग जास्त टिकतं हे खरं. पण एकदा पंधरा-वीस लिटर पाण्यात इतकं पातळ केलं आणि पाण्याचा सामू सात-साडेसात असला, की थोड्याच वेळात बहुतेक बोरॉन साध्या बोरिक आम्लाच्या रूपात असतं. झाडही मुख्यतः तेच रूप घेतं. द्रवरूप मालाचा फायदा आहे, नाही असं नाही. थंड पाण्यात पटकन मिसळतो, मापायला सोपा, नोझल चोंदत नाही. त्यासाठी चार पैसे जास्त द्यायचे तर जरूर द्या. जखडलेल्या रेणूसाठी देऊ नका.

फुलापर्यंत जाण्याचं तर आणखी वेगळं. सफरचंदासारख्या झाडांत सॉर्बिटॉल नावाची साखरेची बहीण रसातून वाहते, तिच्यावर शेजारी-शेजारी हायड्रॉक्सिलांची रांग असते, ती गिरकी घेऊन बोरॉनला धरते आणि सोबत नेते. तिथे जुन्या पानातलं बोरॉन नव्या कळीला मिळतं. कपाशीत तशी सोय नाही. पानावर पडलेलं बोरॉन बहुतांशी त्याच पानात राहतं. म्हणूनच कपाशीला पाती लागताना आणि बोंडं धरताना फवारणी विभागून घ्यायला सांगतात. वाहून नेणारी जोडणी झाडाच्या घरची असते, कंपनीच्या डब्यातली नाही.

संपादकसाहेब, माझी मागणी दोन गोष्टींची. ते लॉकचं विधान दुरुस्त करून त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापा. आणि रविवारच्या पुरवणीत विज्ञानाचं जे सदर येतं त्यात कधी तरी कृष्णविवर आणि मंगळ सोडून आमच्या रॅकवरच्या मालाचं रसायन येऊ द्या. लिहायला माणूस मिळत नसेल तर मी फुकट लिहून देतो. आमच्या भागात बी. एस्सी. झालेली पोरं कृषी केंद्रांत, पतसंस्थांत, ट्रॅक्टरच्या शोरूमला काम करतात, त्यांना हे वाचून जुनी वही उघडावीशी वाटेल. कपाटाची किल्ली सापडावी म्हणून पुतणीने आणि तिच्या वर्गातल्या मुलींनी प्राचार्यांना अर्ज दिला आहे. तोवर ठिबकची ‘टी’ माझ्याकडून घेऊन जा असं त्यांना सांगितलं आहे, परत आणून द्यायच्या अटीवर.

आपला नियमित वाचक,
एक कृषी केंद्रचालक
ता. मोर्शी, जि. अमरावती
(नाव छापू नये. कंपन्यांची माणसं रोज दुकानात येतात, त्यांच्याशी माझे संबंध चांगले आहेत.)

ता. क. : ग्लिसरीनचा प्रयोग केल्यावर ते पाणी झाडाला घालू नका, लेकरांच्या हाती लागू देऊ नका. बोरॉन कमी पडणं आणि जास्त होणं यांत अंतर फार थोडं असतं. जास्त झालं तर पानांच्या कडा करपतात, आणि जमिनीत साचलेलं बोरॉन काढून घेण्याचं औषध माझ्या दुकानात नाही. माती आणि पान तपासून मगच पुडी फोडा.